बार्टलेटने खुर्ची सोडली, हा त्याग की पळपुटेपणा?

रातकिडा: 'द वेस्ट विंग' या अमेरिकी मालिकेच्या चौथ्या सीझनचा शेवटचा भाग, 'ट्वेंटी फाइव्ह' (मे २००३), काल तिसऱ्यांदा पाहिला. न पाहिलेल्यांसाठी: राष्ट्राध्यक्ष बार्टलेटच्या मुलीला, झोईला, पळवून नेलंय. उपाध्यक्षाने आधीच एका भानगडीपायी राजीनामा दिलाय. बार्टलेट अमेरिकेच्या २५व्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमावर बोट ठेवून तात्पुरते अधिकार सोडतो आणि ते जातात थेट विरोधी पक्षाच्या सभापतीकडे, वॉकेनकडे. सगळे डोळे पुसत त्याग त्याग करतात. मला हा पळपुटेपणा वाटला. लोकांनी डेमोक्रॅट निवडून दिला होता. एका सहीने रिपब्लिकन बसला? मंत्रिमंडळ होतं, त्याचा चीफ ऑफ स्टाफ लिओ होता. चार दिवस रेटून नेता आलं नसतं?

पोळपाट: रेटून एकदा नेलंच होतं की! पहिल्या सीझनच्या शेवटी रॉसलिन या ठिकाणी बार्टलेटला गोळी लागली, याला भूल दिली, आणि अधिकार सोपवायच्या कागदावर सहीच नव्हती. पुढे त्याचा सहकारी टोबी तेच उगाळत बसतो, त्या रात्री देश कोण चालवत होतं म्हणून. लिओला कुणी मत दिलं होतं? शिवाय कुमार या काल्पनिक देशाच्या संरक्षणमंत्र्याला, शरीफला, मारायचा हुकूम याच बार्टलेटचा. आता त्याच देशावर बॉम्ब टाकायचे की नाही, हे पोरगी बेपत्ता असलेल्या बापाने ठरवायचं? मला तरी असा माणूस त्या खुर्चीत नको.

रातकिडा: रॉसलिनचं विसरलो होतो, मान्य. पण माझी तक्रार सोडण्याबद्दल कमी, कुणाच्या हाती दिलं याबद्दल जास्त आहे. हा पेच मला लेखकाने ओढूनताणून आणलेला वाटतो.

जुनी फाइल: ओढूनताणून नाही हो. १० ऑक्टोबर १९७३ ला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या उपाध्यक्षाने, अ‍ॅग्न्यूने, राजीनामा दिला. फोर्ड त्या जागी आले ६ डिसेंबरला. मधले आठ आठवडे, वॉटरगेट पेटलेलं असताना, निक्सननंतर नंबर होता सभापती कार्ल अल्बर्ट यांचा, आणि ते डेमोक्रॅट! राष्ट्राध्यक्षाच्या वारसाक्रमाच्या १९४७ च्या कायद्यातच तसं आहे. बाकी २५व्या दुरुस्तीचं हे तिसरं कलम प्रत्यक्षात कशाला वापरलं गेलं पाहा: बुशने २००२ आणि २००७ मध्ये, बायडेनने २०२१ मध्ये. तिन्ही वेळा आतड्याच्या तपासणीसाठी भूल घ्यायची म्हणून. :)

पोळपाट: आणि वॉकेनला फुकट मिळालं असंही नाही. वॉकेन झालेला जॉन गुडमन त्या खोलीत शिरतो तेव्हा दारच लहान वाटतं, पण शपथेआधी त्याला सभापतिपद आणि खासदारकी दोन्ही सोडावी लागते. उद्या झोई सापडली की हा बेकार!

वऱ्हाडी मिरची: आपल्याकडे याहून सोय बरी. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरींनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला, दोन्ही पदं रिकामी. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला (आमच्या नागपूरचे वकील, हे सांगायलाच हवं) महिनाभर हंगामी राष्ट्रपती झाले आणि नंतर निवांत आपल्या कोर्टात परत गेले.

रातकिडा: छान माहिती, पण सरन्यायाधीश कुठल्या पक्षाचा नसतो. वॉकेन असतो, तिथेच मला बोचतं. आणि मालिकेचा लेखक सॉर्किनचं काय? गाठ मारली आणि याच भागानंतर मालिका सोडून गेला, सोडवायचं दुसऱ्यांच्या गळ्यात.

पोळपाट: म्हणजे पळपुटा सापडला एकदाचा.