नजर जरा वर न्या
'स्कूल ऑफ अथेन्स' या, चित्रकार राफाएलने व्हॅटिकनमधल्या एका दालनाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात तत्त्वज्ञानाची मूर्तिमंत आकृती नाही, नुसते तत्त्ववेत्ते आहेत, असं म्हटलं जातं; ते भिंतीपुरतं बरोबर. पण ती आकृती त्याच भिंतीच्या वर, छतातल्या गोल चौकटीत बसली आहे. छायाचित्रं बहुतेकदा कमानीशीच कापलेली असतात, म्हणून ती निसटते.

राफाएलने (दालनाचं काम १५०८ ते १५११) तिच्या वस्त्रातच चार मूलतत्त्वं (हवा, अग्नी, पाणी, पृथ्वी) रंगवली: खांद्याशी ताऱ्यांचं निळं, मग अग्नीचं लाल, खाली माशांचं हिरवट, पायाशी वनस्पतींचा मातकट पट्टा. अप्रतिम कल्पना! हातात दोन पुस्तकं, एक नीतीचं, एक निसर्गाचं. आणि खाली ॲरिस्टॉटलच्या हातात 'नीतिशास्त्र', तर प्लेटोच्या हातात विश्वरचनेवरचं 'तिमेउस'. म्हणून छत आणि भिंत एकत्रच वाचायला हवी.