आईचे दात आणि आईची शुगर: आधी काय? (मदत हवी आहे, ठाणे)

सावरी

नमस्कार मंडळी. ठाण्यात वर्तकनगरला राहते. आईबद्दल विचारायचंय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची. डायबिटीस १४ वर्षं, बीपी आहे, आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) एरवी ७.४ च्या आसपास असायचं, मागच्या महिन्यात ९.१ आलं. गोळ्या त्याच, गोड बंद, संध्याकाळी सोसायटीत फेऱ्या मारतेच. डॉक्टर म्हणाले, पथ्य मोडत असणार. आई म्हणाली, अजिबात नाही. मी दोघांच्या मधे.

मग एकदा जेवताना माझं लक्ष गेलं. ही भाकरी वाढून घेते, पण चतकोरच मोडते, तीही वरणात कुस्करून. बाकी सगळा भात. पोळी खायची तर चहात बुडवून. भूक लागली की मारी बिस्किटं. काकडी, गाजर, शेंगदाणे, मोडाची मटकी हे सगळं ताटातून कधी गेलं आम्हाला कळलंही नाही. विचारलं तर म्हणे, "अगं, वय झालं आता. दात काय जन्माला पुरतात?" बळेबळे तोंड उघडायला लावलं. वरच्या उजवीकडच्या दोन दाढा नाहीतच (त्यातली एक हलत होती ती बाईंनी बाथरूममध्ये स्वतःच उपटली आणि कुणाला सांगितलं नाही!). खालचे पुढचे चार दात हलतात. हिरड्या लालभडक, ब्रश केला की रक्त.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या दवाखान्यात दहा मिनिटांत निकाल: सात दात काढा, इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून पक्के दात) बसवा, साडेतीन लाख, हप्ते करून देऊ. शुगर किती आहे हे विचारलंसुद्धा नाही. दुसरीकडे म्हणाले, काढून टाका आणि कवळी करा, या वयात इम्प्लांट कशाला.

आता गोंधळ असा की शुगर उतरल्याशिवाय दातांना हात लावू नका असं एक जण म्हणतो, आणि हिरड्या नीट झाल्याशिवाय शुगर उतरणार नाही असं मी वाचलंय. मग सुरुवात कुठून करायची? इकोस्प्रिन बंद करावी लागते का? फिजिशियन म्हणतात डेंटिस्टला विचारा, डेंटिस्ट म्हणतात फिजिशियनचं पत्र आणा. आणि दातांची सफाई केली की दात जास्तच हलतात असं आईचं ठाम मत आहे, पुरावा म्हणून माहेरच्या एक काकू आहेत. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

पिठलंभाकरी

माझ्या सासूबाईंचं अगदी हेच. आम्ही त्यांना वर्षभर "भात कमी करा" म्हणून बोलत होतो. दात नसलेल्या माणसाला भात सोडून काय खाता येतं याचा विचारच केला नाही. आता आठवलं की लाज वाटते.

दंतकथा

मी डेंटिस्ट आहे, नवी मुंबईत. तोंड न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या गोंधळाचं उत्तर देता येईल.

शुगर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात. शुगर जास्त असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो, जखम भरायला वेळ लागतो. उलट बाजूने, हिरड्यांमध्ये कायमची सूज असली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि शुगर चढते. त्यामुळे कुणी कुणासाठी थांबायचं नसतं. हिरड्यांचा संसर्ग आहे तर त्यावरचे उपचार आत्ताच सुरू करायचे, ९.१ असलं तरी. इम्प्लांट ही मात्र घाईची गोष्ट नाही. तोंडात संसर्ग आणि शुगर नऊच्या वर असताना ते आज बसवायला निघालेला माणूस पाहिला तर मी उठून येईन.

अपेक्षाही नीट ठेवा. हिरड्यांखालची खोल सफाई झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणजे नुसत्या सफाईने ९.१ चं ७ होणार नाही. पण आईला चावता यायला लागलं, भात-बिस्किटांच्या जागी भाकरी, उसळ, कोशिंबीर आली, तर तो फायदा वेगळा.

इकोस्प्रिन: एकटीच ती गोळी चालू असेल तर साधा दात काढण्यासाठी सहसा बंद करत नाहीत. बोळा दाबून धरला, टाका घातला की रक्त थांबतं. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्या माणसाने मनाने गोळी बंद केली तर गुठळी व्हायची भीती, ती दातातल्या रक्तापेक्षा कितीतरी वाईट. पत्र जरूर आणा, पण "बंद करायची का" यापेक्षा "कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि स्टेंट कधी टाकला" हे त्यात हवं. नुसत्या स्टेंटसाठी आधी अँटिबायोटिक घ्यावं लागत नाही. कृत्रिम झडप असेल किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी संसर्ग झाला असेल, तर लागतं.

काकूंबद्दल: वर्षानुवर्षं साठलेलं किटण दातांना खरं तर आधार देत नसतं, पण आधार असल्यासारखं वाटतं. ते निघालं आणि सूज उतरली की दात किती हलतो ते कळतं. हाड आधीच झिजलेलं असतं. काकूंचे दात सफाईने गेले नाहीत, उशिरा केलेल्या सफाईने उघडे पडले.

एक विचारतो, बीपीची गोळी कुठली? ॲम्लोडिपिन असेल तर त्यानेही काही जणांच्या हिरड्या फुगतात. बंद करू नका, फिजिशियनच्या कानावर घाला. आणि तपासणीला उपाशी नेऊ नका. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर. शुगर कमी होऊन खुर्चीवर चक्कर आलेले पेशंट बघितलेत.

तिरकस

हृदयाला दात, शुगरला दात. उद्या गुडघ्यालाही दात निघतील. आमची आजी एकही दात नसताना ९२ वर्षं जगली, हिरड्यांनी लाडू फोडायची. डेंटिस्ट लोकांचं मार्केटिंग आहे हे. (कृपया हलकेच घ्या)

दंतकथा

तिरकसराव, हृदयाबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, पण हिरड्या बऱ्या केल्या म्हणून ॲटॅक टळतो असं सिद्ध झालेलं नाही. तसं सांगून कुणी पॅकेज विकत असेल तर निघून या. शुगरचं मात्र तसं नाही, ते मोजून दाखवलेलं आहे. आणि आजींना शुगर नव्हती, बरोबर?

तिरकस

नव्हती. लाडू होते.

घोडबंदरकर

कवळीबद्दल मी बोलतो, कारण आमच्या बाबांनी ती सहा महिने खिशात रुमालात गुंडाळून फिरवली. लग्नाकार्यात फोटोपुरती तोंडात. खालची जबड्यावर ठरायचीच नाही, बोलताना टकटक वाजायची. दोष कवळीचा नव्हता. दात काढले की जबड्याचं हाड झिजत जातं, आणि पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. त्यामुळे लगेच केलेली कवळी काही महिन्यांत सैल होते, तिला आतून अस्तर भरून घ्यावं लागतं. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्ही समजलो बाबा नाटकं करतायत.

शेवटी मधला मार्ग निघाला: खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी. स्क्रू हाडात मुरायला तीन-चार महिने गेले. आता बाबा शेंगदाण्याची चिक्की खातात, जी त्यांनी खरं तर खाऊ नये.

पण सावरी, तुमच्या आईला संपूर्ण कवळी कशाला? तिचे बरेच दात आहेत ना अजून? जे टिकतील ते टिकवा. बाबांचे सगळे काढले त्याचं मला अजून वाईट वाटतं, दोन-तीन तरी वाचले असते. जाता जाता, आमच्या मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही. बहुतेकांत दात अपघात झाला तरच धरतात, तेव्हा पॉलिसी वाचून मगच हिशोब करा.

नेरूळ_लोकल

दुसरं मत हवं असेल तर डेंटल कॉलेज. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम. मुंबईत जायची तयारी असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी. काम विद्यार्थी करतात, सर तपासतात, त्यामुळे वेळ लागतो. एका दिवसात होणाऱ्या कामाला तीन खेपा. पण हिरड्यांचा आणि कवळीचा विभाग एकाच इमारतीत असतो आणि कुणाला टार्गेट नसतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसू नका.

सावरी

सगळ्यांचे खूप आभार. एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. आई मशेरी लावते. लग्नाआधीपासून. सकाळी एकदा आणि दुपारी जेवल्यावर एकदा. घरात सगळ्यांना माहीत आहे, बाहेर कुणी बोलत नाही. दोन्ही दवाखान्यांत मी "दुसरी काही सवय?" ला "नाही" म्हटलं होतं, कारण आई शेजारी बसली होती.

दंतकथा

बरं झालं लिहिलंत. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्या मागे सरतात, जखमा भरत नाहीत, इम्प्लांट फसायची शक्यता वाढते, आणि कॅन्सरचा धोका वेगळाच. गालाच्या आतून पांढरा किंवा लाल चट्टा आहे का ते नीट बघायला सांगा. आईंना ओरडू नका. ही सवय असलेल्या बायका डॉक्टरपेक्षा सुनेला-लेकीला घाबरतात, म्हणून लपवतात.

सावरी

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. नेरूळला कॉलेजात नेलं. मशेरीचं मी बाहेर थांबून आईलाच सांगायला लावलं, तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना तिने सगळं सांगितलं म्हणे, माझ्याबद्दलच्या तक्रारींसकट. चट्टा नाही, सुटलो. बीपीची गोळी ॲम्लोडिपिनच होती, फिजिशियनने बदलून दिली.

सात नाही, दोनच दात काढले, इकोस्प्रिन चालू ठेवून. रक्त अर्ध्या तासात थांबलं. खोल सफाई दोन बैठकांत झाली. खालचे हलणारे उरलेले दोन दात शेजारच्यांना बारीक तारेने बांधून टाकलेत. काढघाल करायची छोटी कवळी जखमा भरल्यावर, आणि इम्प्लांटचा विषय पुढचा एचबीए१सी बघून. तो तीन महिने झाल्यावरच करू. सकाळची उपाशीपोटी शुगर मात्र १९० वरून १५५ वर आलीय. गोळी बदलली म्हणून, दात म्हणून की बिस्किटं बंद म्हणून, देव जाणे. मशेरी दोन वेळांवरून एकीवर. त्या एकीवरून रोज भांडण.

आता छोटा प्रश्न. सोमवारी मला रजा नाही, आई एकटी जाणार. वर्तकनगरहून स्टेशनला रिक्षाने सोडीन, पण पुढे?

नेरूळ_लोकल

ठाण्याला ९-१० नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर (नवी मुंबईकडे जाणारी लोकल). वाशी लागलेली असेल तर चढायचं नाही, ती नेरूळला जात नाही. पनवेल किंवा नेरूळ बघूनच बसायचं. दहानंतरची धरा, उलट्या दिशेची असली तरी त्याआधी ऐरोली-रबाळेच्या ऑफिसवाल्यांची गर्दी असते.

पिठलंभाकरी

आणि डबा द्या बरोबर. मऊ पण भात नको. मुगाचं धिरडं चालेल.