वेगवेगळ्या डिपार्टमेंटनी मिळून संशोधन: सांगली-साताऱ्यात कुणाला जमलंय का?

सिव्हिलवाला_सांगली
नमस्कार मंडळी. मी सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवतो, विषय सिव्हिल. वाळवा-पलूस पट्ट्यातल्या क्षारपड जमिनींवर काम करायचंय. काळी माती, बारमाही ऊस, पाटानं वारेमाप पाणी, निचरा नाही, मग रानावर मिठाचा पांढरा थर येतो, हे इथं सगळ्यांना माहितीच आहे. आमच्याकडं पोरं दरवर्षी जमिनीखालच्या निचरा पाइपवर प्रोजेक्ट करतात, दोन पाइपांत अंतर किती, खोली किती वगैरे, पण शेतकरी पाइप घालायला का तयार होत नाही हे एकाही रिपोर्टात सापडायचं नाही. म्हणून दुसऱ्या कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या मॅडम, बॉटनीचे एक सर आणि मी असं तिघांनी मिळून करायचं ठरवलंय. तर आमचे एचओडी म्हणतात ह्यात सिव्हिल कुठाय, मॅडमचे प्राचार्य म्हणतात मातीतले क्षार मोजायचा मीटर आमच्या खात्यातनं का घ्यायचा, आणि पीएचडीचा पोरगा कुणाच्या नावावर लावायचा ते तर अधांतरीच. काय करावं?

कराडकर
सर, खरं दुखणं प्रमोशनला लागणाऱ्या पॉइंटात आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमात पेपरला दोन लेखक असले तर दोघांनाही 70-70 टक्के पॉइंट मिळतात, पण दोनाच्या वर गेलात की मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्यांना 30. तुम्ही तिघं, म्हणजे प्रत्येक पेपरात दोघं 30 वर. भाषणात सगळे आंतरविद्याशाखीय म्हणणार आणि प्रमोशनच्या फायलीत हे! त्यामुळं कुठल्या पेपरला पुढं कोण हे डेटा हातात यायच्या आधी लिहून घ्या, नंतर तोंड वाकडी होतात. फंडेड प्रोजेक्टला मुख्य आणि सह-संशोधकाला निम्मे निम्मे मिळतात, तिथं भांडण कमी. पीएचडीचं म्हणाल तर 2022 च्या नियमात दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या संस्थेतलासुद्धा सह-मार्गदर्शक चालतो, फक्त परवानगी लागते. सहायक प्राध्यापकाला 4 च विद्यार्थी घेता येतात, तेव्हा जागा शिल्लक आहे का ते आधी बघा.

अजून_थीसिस_चालूय
पोराचं कुणीच बोलंना म्हणून लिहितोय. मी दोन विषयांच्या मधे पीएचडी करतोय आणि प्रत्येक प्रेझेंटेशनला एकजण म्हणतो हे जास्त झालं, दुसरा म्हणतो तेच कमी पडलं. पोराचा मूळ विषय एकच ठेवा, आणि सल्लागार समितीत दुसऱ्या विषयाचा एक माणूस पहिल्या दिवसापासून बसवा, नाहीतर शेवटच्या वर्षी नवीन चॅप्टर मागतात बघा. आणि उद्या नोकरीची जाहिरात निघंल ती ‘संबंधित विषयात’ अशीच निघंल, तेव्हा त्याची पदवी कुठल्या विषयात बसणार हे त्याला आत्ताच सांगा राव.

मिरज_जंक्शन
आयआयटी मुंबईत सितारा म्हणून सेंटर आहे, 1985 पासून, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान. त्यांची एमटेकची पोरं गावात राहून काम करतात. सेंटरच वेगळं असलं की हे सिव्हिलचं का कशाचं हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडं मात्र सेंटर म्हणजे उद्घाटनाचा फोटो, बोर्ड आणि कुलूप 😄 त्यापेक्षा तुमचं तिघांचं बरं चाललंय.

वाळव्याचं_रान
मी शेतकरी, बीएस्सी अॅग्री केलंय. तुमच्या तिघांत मातीवाला माणूसच न्हाई की ओ! आधी रान क्षारपड हाय का चोपण ते तपासा. ईसी, म्हंजे मातीतल्या क्षारांचं माप, 4 च्या वर असली की क्षारपड, ते चांगल्या पाण्यानं धुऊन निचऱ्यानं काढता येतं. पण सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त म्हणजे चोपण, तिथं जिप्सम न टाकता नुसतं धुतलं तर माती आणखी घट्ट व्हती. कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र हाय, सांगलीच्या अगदी जवळ, तिथल्या माणसाला टीममधे घ्या. आणि शेतकरी पाइप का घालत न्हाई? एकट्यानं घालून भागत न्हाई म्हणून. उताराला खालच्या बाजूला चुलत्याचं रान, त्यानं पाइप न्यायला न्हाई म्हटलं की संपलं. शिरोळ भागात दत्त साखर कारखान्यानं शेतकरी गोळा करून एकदम मोठ्या क्षेत्रावर निचरा केला, तसं केलं तरच जमतं. हे मॅडमनी लिहावं, तुमच्या पाइपाच्या अंतरात हे सापडायचं न्हाई.

सिव्हिलवाला_सांगली
@वाळव्याचं_रान मातीचा माणूस घेतो, पटलं. @कराडकर पेपरांची नावं ह्याच आठवड्यात बसून ठरवतो, चार पेपर धरले तर प्रत्येकाला एकेक पुढं येईल. मीटरचं अजून अडकलंयच. दादा, तुमच्याकडं येऊ का एकदा, मॅडमना घेऊन?

वाळव्याचं_रान
या की. पण येताना नकाशा घिऊन या, खारं पाणी शेवटी कुठल्या ओढ्याला सोडणार ते आधी सांगायला लागंल. खालच्या गावानं तोच ओढा अडवून बंधारा बांधलाय आणि त्यावर त्यांच्या मोटरी हायत.