सोशल एन्झायटीसाठी थेरपिस्ट शोधायचाय, पण फोनच करवत नाही

चारओळी:
दोन महिने झाले थेरपिस्ट शोधतोय. नंबर सेव्ह आहेत पण फोन लावायची वेळ आली की छातीत धडधड सुरू होते आणि मग उद्या बघू असं होतं, म्हणजे ज्यासाठी मदत हवी तेच आडवं येतंय. मीटिंगमधे तोंड उघडत नाही, चारचौघांत जेवताना हात थरथरतो, घरी आल्यावर आपण काय बोललो तेच रात्रभर डोक्यात फिरतं. आधी एका ठिकाणी पाच सेशन केली, मी बोलायचो ते ऐकायचे, मोकळं वाटायचं पण बाहेर काहीच बदललं नाही. सायकॉलॉजिस्टकडे जाऊ की सायकियाट्रिस्टकडे? आणि विचारायचं काय?

सावली:
फोन करूच नका, मेल टाका. मी एवढंच लिहिलं होतं - "मला लोकांत वावरायची खूप भीती वाटते, फोनवर बोलणं जड जातं, तुम्ही यावर काम करता का आणि वेळ कधी मिळेल ते लिहून कळवाल का". कोणाला यात विचित्र वाटलं नाही, हे काम करणाऱ्यांना अशी मेल नवीन नसतात.

पायवाट:
मी यातून गेलेय म्हणून जरा लांब लिहिते. नुसतं बोलून मोकळं होणं आणि यावरचा इलाज यात फरक आहे. सोशल एन्झायटीसाठी सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो सीबीटीचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी), म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा की सीबीटी करता का आणि एक्स्पोजर, म्हणजे भीतीच्या प्रसंगांना थोडं थोडं सामोरं जाणं, कसं करून घेता. माझ्या थेरपिस्टने आधी भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करून घेतली, खालून सुरुवात. दुसरं म्हणजे आपण लपायला जे करतो ना, कप दोन्ही हातांनी घट्ट धरणं, वाक्य मनात दहादा घोकून मग बोलणं, त्याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात. ते चालू असतं तोवर आपल्याला वाटत राहतं की त्यामुळेच वाचलो, आणि भीती तशीच राहते. एकदा माझा बोलतानाचा व्हिडिओ काढून मला दाखवला. आतून मला वाटत होतं आवाज भयंकर कापतोय, व्हिडिओत ते कापणं जवळजवळ कळतच नव्हतं! त्या दिवशी घरी जाऊन रडले मी. साधारण १२ ते १६ सेशन धरून चला, आणि चार-पाच सेशननंतरही बाहेर करायचं काहीच दिलं नाही तर विचारा, न पटलं तर बदला. थेरपिस्ट बदलला तर त्यांना वाईट वाटेल ही भीतीसुद्धा याच आजारातली आहे.

मधलीसुट्टी:
औषधाबद्दल: सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर असतात, औषध ते देतात, सायकॉलॉजिस्ट बहुतेक ठिकाणी देत नाहीत. यासाठी सहसा एसएसआरआय गटातली (चिंता आणि नैराश्यावर वापरतात ती) गोळी देतात, गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनाने बंद करायची नाही. मी दोन्ही बरोबर केलं. झोप, भूक गेली असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील तर आधी डॉक्टरच गाठा, थांबू नका.

चारओळी:
असले विचार नाहीत, पण विचारलंत ते बरं वाटलं. सावली, तुमचाच मजकूर थोडा बदलून आत्ता तिघांना मेल टाकला. पाठवल्यावर चारदा उघडून वाचला. एकीचं उत्तर आलंय, एक्स्पोजर करतात, पहिली भेट व्हिडिओवर चालेल का विचारतायत. पायवाट, तुम्ही पहिल्यांदा कॅमेरा चालू ठेवला होता का?

पायवाट:
नाही, पहिली वीस मिनिटं बंद होता. त्यांना तसं आधी सांगून ठेवलं होतं.