दीड महिन्याचं गावठी पिल्लू, बजेट 2,500. काय घेऊ?

फोंड्याचा नवशिका:
मांगराजवळ सापडलं. डॉक्टर म्हणाले दीड महिन्याचं असेल. दिवसभर माझ्या पायजम्याला लटकतं, दात सुईसारखे. मुतायला बाहेर नेलं की पावसात उभं राहून माझ्याकडे बघत राहतं, आत आलं की लादीवर. रात्री रडतं. पिंजरा घेऊ की शिकवणारा बघू? लसीचे पैसे वेगळे ठेवलेत.

लॅबवाले मडगाव:
पिंजराच, आणि मोठा. आमचा 7,000 चा. लॅब्रा चार महिन्यांत ‘बस’, ‘थांब’, शेकहँड सगळं शिकला. गावठीला वेळ लागतो.

सुणेंप्रेमी:
वेळ लागतो? माझी गावठी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकला की पिशवी तोंडात धरून फाटकाशी जाते. तुमचा शेकहँडवाला पाव आणतो का?

लॅबवाले मडगाव:
विषय तो नाही.

पर्वरीकर:
अडीच हजारात काही होत नाही हो. आम्ही घरी येणारा ट्रेनर ठेवलाय, महिना 8,000. तो असेपर्यंत कुत्रा सरळ. तो गेला की सोफा फाडतो.

म्हापशाची माई:
पैसे राहू देत. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं, दर वेळी त्याच जागी. तिथे मुतलं की त्याच क्षणी खाऊ. लादीवर केलं तर ओरडू नका, उशिरा रागावलेलं त्याला कळत नाही. जागा व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, वास राहिला तर पुन्हा तिथेच करणार. चावलं की खेळ थांबवून उठून जा. दुधाचे दात साधारण सहा महिन्यांपर्यंत पडतात, तोवर ओला फडका फ्रीजरात घट्ट करून चघळायला द्या.

डिचोलीचा बाब:
दूध-पाव घाला. आमच्याकडे सात कुत्रे त्यावर वाढले.

सुणेंप्रेमी:
गाईच्या दुधाने पिल्लांना हगवण लागते बाब. काटे काढलेला बांगडा आणि भात द्या, कांदा अजिबात नको. जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांपर्यंत.

एकदा चुकलेली:
लसी पुऱ्या व्हायच्या आधी मी आमचं पिल्लू रस्त्यावर सोडलं. पार्वो या विषाणूच्या आजाराने चार दिवसांत गेलं. 16 आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस लागते, तोवर रस्त्याच्या मातीत पाय नको. म्हणून कोंडूनही ठेवू नका. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत जे बघतं-ऐकतं त्याची भीती जाते. कडेवर घेऊन बाजार दाखवा, स्कूटर, छत्र्या, अनोळखी माणसं. नाहीतर दिवाळीआधी नरकासुराच्या रात्री ढोल-फटाक्यांनी पलंगाखालून निघणार नाही.

डिचोलीचा बाब:
2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित जाहीर झालाय ना? मग रेबीजची कशाला?

म्हापशाची माई:
नियंत्रित म्हणजे संपला नव्हे. तीन महिने झाले की द्यायचीच.

काणकोणकर:
अजून कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, पिंजरा घ्या.

फोंड्याचा नवशिका:
सगळ्यांचे आभार. पिंजरा नाही घेतला, ट्रेनरही नाही. आजीने खाटेखाली गोणपाटावर आपलं जुनं लुगडं घातलं, आता रात्री आवाज नाही. 450 ची मोठी छत्री आणली, ती डोक्यावर धरली की अंगणात मुततं. शेजारी हसतात. पायजमा मात्र दुसरा फाटला.

लॅबवाले मडगाव:
मोठं झाल्यावर कळेल.