शब्दचर्चा: ‘जडत्व’ की ‘निरूढी’? आणि ‘स्थिर वस्तुमाना’तले ‘स्थिर’

प्रश्नकर्ता:
पदवीच्या वर्गाला यामिकी शिकवतो. न्यूटनच्या नियमांपासून निघून सत्र संपेपर्यंत विशिष्ट सापेक्षतेला पोचायचे, असा अभ्यासक्रम आहे. यंदा टिपणे मराठीत लिहायला घेतली. बल, कार्य, ऊर्जा, संवेग हे शब्द शाळेपासून मुलांच्या तोंडात बसलेले आहेत, त्यांचा प्रश्न नाही. गाडे अडते ते ‘जडत्वा’पाशी, म्हणजे गती वा विराम बदलायला वस्तू जो विरोध करते त्या गुणाच्या (इंग्रजीत inertia) नावापाशी. आपल्या बोलण्यात जड म्हणजे वजनदार. ओझे जड, पारडे जड, डोके जड, अगदी गणितसुद्धा जड जाते. परवा वर्गात विचारले, अंतराळयानात तरंगणारा हातोडा ढकलायला जोर लागेल का? बऱ्याच जणांनी सांगितले, “नाही, तिथे तो जड नसतोच.” वजन जाणवत नाही हे खरे, पण हातोड्याला वेग द्यायचा तर पृथ्वीवर लागेल तेवढेच बल तिथेही लागते. ही चूक शब्दाने करवली असे मला वाटते. मराठी विश्वकोशात याच गुणासाठी ‘निरूढी’ असा शब्द आहे. तो घ्यावा का?

दुसरी शंका: वस्तू थांबलेली असतानाच्या वस्तुमानाला ‘विराम वस्तुमान’ म्हणावे की ‘स्थिर वस्तुमान’?

प्रतिसाद:
‘जडत्वा’तला जड हा ओझ्यातला नाही, ‘जड-चेतन’ या जोडीतला आहे. जे आपणहून काही करत नाही ते जड. हे वर्गात एकदा नीट सांगितले की निम्मा गोंधळ मिटतो. inertia या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही निष्क्रिय, आळशी असाच आहे. तो भौतिकीत आणला केप्लरने, आणि त्याच्या मनात पदार्थाची हलण्याबद्दलची नाखुशी एवढेच होते. न्यूटनने १६८७ मध्ये त्यात दुसरी बाजू घातली: चालत्या वस्तूची थांबण्याबद्दलची नाखुशीही तीच. ‘जड’ शब्दातून पहिली बाजू लगेच कळते, दुसरी कळत नाही. सरळ रेषेत एकसारखी धावणारी वस्तू ‘जड’ आहे असे म्हणताना जीभ अडखळते.

‘निरूढी’ इथे सरस आहे. निरूढ म्हणजे पक्के रूढ झालेले. जे चालले आहे तेच चालू ठेवणे, मग ती गती असो वा विराम, हा अर्थ त्यात आपोआप येतो. फिरत्या चाकासाठी विश्वकोशातलाच ‘निरूढी परिबल’ (moment of inertia) हा शब्दही तयार मिळतो. अडचण एकच, शाळेच्या पुस्तकांत ‘जडत्व’ आहे. मी असतो तर जडत्वच ठेवले असते आणि पहिल्याच तासाला निरूढीचा अर्थ सांगून जडत्वाला तो चिकटवला असता.

दुसरा प्रतिसाद:
मला दुसरी शंका जास्त महत्त्वाची वाटते. ‘स्थिर’चे मराठीत दोन अर्थ आहेत: न हलणारे आणि न बदलणारे. पाणी स्थिर आहे, किंमत स्थिर आहे. ‘स्थिर वस्तुमान’ म्हणताना पहिला अर्थ अभिप्रेत असतो, विद्यार्थी दुसरा घेऊ शकतो. गंमत अशी की दुसरा अर्थच आज भौतिकीत धरला जातो. कुठल्याही संदर्भ चौकटीतून, म्हणजे कुठल्याही गतीच्या निरीक्षकाच्या बाजूने, मोजा, हे वस्तुमान तेच येते.

“वेग वाढला की वस्तुमान वाढते” हे वाक्य मात्र टिपणांत नको. कारण हिशेबात दिसते. इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने चालला आहे असे धरा. गॅमा, म्हणजे वेगावरून ठरणारा सापेक्षतेतला गुणक, येतो १.२५. त्याला गतीच्या काटकोनात ढकलले तर तो सव्वापट जड असल्यासारखा वागतो. गतीच्याच दिशेने ढकलले तर गॅमाचा घन लागतो, म्हणजे १.९५, जवळजवळ दुप्पट. एकाच क्षणी एकाच कणाची दोन वस्तुमाने कशी असतील? बदलते ते संवेगाचे सूत्र: वस्तुमान गुणिले वेग यात गॅमाचा आणखी एक गुणक येतो. खुद्द आइन्स्टाइनने १९४८ मधल्या एका पत्रात वेगाबरोबर वाढणारे वस्तुमान ही कल्पना आणू नये, त्याऐवजी गतिमान वस्तूच्या संवेगाचे आणि ऊर्जेचे सूत्र द्यावे, असा सल्ला दिला होता.

म्हणून मी ‘विराम वस्तुमान’सुद्धा सूत्रापुरते एकदाच सांगेन आणि पुढे नुसते ‘वस्तुमान’ लिहीन. ‘विराम’ जोडले की ‘मग धावतानाचे वेगळे असणार’ अशी शंका उगाच पेरली जाते.

प्रश्नकर्ता:
हे पटले, आणि यातून माझ्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. वेगाबरोबर ‘जडपणा’ वाढतो असे मीच आजवर सांगत आलो. जड म्हणजे वजनदार हा अर्थ माझ्याही डोक्यात मुरलेला होता, मुलांना काय बोलावे! वाढते ती निरूढी, आणि तीही दिशेप्रमाणे वेगवेगळी. तेव्हा न्यूटनच्या प्रकरणात ‘जडत्व’ ठेवतो, सापेक्षतेच्या प्रकरणात ‘निरूढी’ हा शब्द मुद्दाम आणतो, आणि वस्तुमानाच्या मागचे विशेषण काढून टाकतो.

‘संदर्भ चौकट’ तशीच ठेवू का? काही पुस्तकांत ‘निर्देश चौकट’ आहे. मला ‘संदर्भ’ जवळचा वाटतो, कारण “कोणाच्या संदर्भात?” हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात.

प्रतिसाद:
संदर्भच ठेवा. ‘निर्देश’ म्हटले की सूचना, आदेश आठवतात.