डबिंगमध्ये जायचं तर पोरीनं गावचा हेल पुसूनच टाकायचा का?

धागाकर्ती : वैनगंगाकाठची मावशी
माझी भाची ब्रह्मपुरी तालुक्यातली. तीन हंगाम झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत कामं केली. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर प्रयोग चालतो, शेवटच्या अंकातही आवाज पडता कामा नये. आता तिला डबिंग करायचं आहे. मुंबईत एका ठिकाणी तिला ऐकवलं, "आवाज गोड आहे, पण तो विदर्भाचा हेल आधी काढून या." पोरगी घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. माझं मत : हेल हा दोष नाही. मालिकेत आमची बोली फक्त मोलकरणीच्या तोंडी का?

वर्धेकर
ताई, राग मानू नका, पण त्यांचं चूक नाही. डबिंगमध्ये चेहरा दुसऱ्याचा असतो. १९९८च्या 'गुलाम'मध्ये राणी मुखर्जीला आणि २००७च्या 'ओम शांती ओम'मध्ये दीपिकाला आवाज मोना घोष शेट्टींचा होता. किती जणांना तेव्हा कळलं? तेच त्यांचं कसब. पडद्यावर नायिका पुण्याची आणि 'पाणी'चं 'पानी' झालं, तर प्रेक्षक तिथंच तुटतो.

पांढरं सोनं
वर्धेकर भाऊ, 'पानी' म्हननारे लाखो लोकं हायेत जी! आमी का प्रेक्षक नाही? कार्टूनमधल्या एखाद्या पोट्ट्याले वऱ्हाडीत बोलू द्या, आमचे पोट्टे टीव्हीपुढून उठनार नाही.

सावलीची शिक्षिका
मला या कामातलं वेगळंच भावतं. अमेरिकेच्या कार्टूनमधला बार्ट सिम्पसन हा दहा वर्षांचा मुलगा, त्याला १९८७पासून नॅन्सी कार्टराइट आवाज देतात. जपानीत 'ड्रॅगन बॉल' कार्टूनमधल्या गोकूचा आवाज १९८६पासून मासाको नोझावा. मुलाचा आवाज वयात येताना फुटतो, बाईचा तसा फुटत नाही, म्हणून ही कामं बायकांकडे येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. रंगमंचावर चाळिशीनंतर बाईला आईच्या भूमिका देतात. इथं वय कोण विचारतं? भाचीला जाऊ द्या.

वर्धेकर
जाऊ द्या, पण डोळे उघडे ठेवून. झाडीपट्टीत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असते, माइक तर श्वाससुद्धा पकडतो. व्हिडिओ गेमला आवाज देणं आणखी कठीण. बऱ्याचदा समोर चित्र नसतं, नुसती वाक्यं. मार खाणं, पडणं, मरणं असे आवाज पुन्हा पुन्हा काढायचे. त्यानं घसा जातो. त्यात आवाजाची नक्कल करणारं एआय. अमेरिकेतल्या गेम-कलाकारांनी याच प्रश्नावर जुलै २०२४मध्ये संप पुकारला, तो जवळपास वर्षभर चालला. ज्यांच्या पाठीशी मोठी संघटना आहे त्यांची ही गत, तर आपल्या पोरीच्या आवाजाची नक्कल झाली तर ती कुणाकडे जाणार?

धागाकर्ती : वैनगंगाकाठची मावशी
घशाचं आणि करारात नकलेबद्दल लिहून घेण्याचं मानलं, तिला आजच सांगते. प्रमाण मराठी तर ती शिकतेच आहे, रोज पेपरचा अग्रलेख मोठ्यानं वाचते. पण भाऊ, शिकणं वेगळं, पुसणं वेगळं. पाच बोली येणारी नटी एका बोलीच्या नटीपेक्षा उणी कशी?

वर्धेकर
उणी नाही. पण पहिलं काम मिळेपर्यंत ती पाच बोलींची आहे हे ऐकून घ्यायला तिथं कुणाला वेळ नसतो.

धागाकर्ती : वैनगंगाकाठची मावशी
म्हणूनच काल रात्री कपाटासमोर गोधड्या टांगून आम्ही नमुना रेकॉर्ड केला. एकच प्रसंग दोनदा, आधी प्रमाण मराठीत, मग आमच्या झाडी बोलीत. दोन्ही एकाच फाइलमध्ये पाठवतोय.